पुढचे फूटरेस्ट

"अजून जरा पुढे घे," लाइल म्हणाला.

"अजून पुढे घेतले तर तुझ्याआधी तुझे बूट गावात पोचतील," ड्वेन म्हणाला, पण त्याने पाना पुन्हा उचलला.

लाइल ब्रेके स्टँडवर लावलेल्या आपल्या मोटरसायकलवर पाय ताणून बसला होता. त्याची बायको आर्लिस ड्वेनच्या वर्कशॉपच्या दारात कॉफीचा कप धरून उभी होती. मार्चमध्ये लाइलच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलला. ऑपरेशन चांगलं झालं, पण गुडघा रुसला तो रुसलाच. नेहमीच्या जागी पाय दुमडून ठेवला की थोड्याच वेळात ठणकायला लागायचा. आणि ऑगस्टमध्ये ब्लॅक हिल्सच्या डोंगरांत गाडीवरून जायचं होतं. लग्न झाल्यापासून एकही वर्ष चुकलं नव्हतं. लाइल पुढे, आर्लिस मागे. म्हणून हे हायवेचे जादा फूटरेस्ट. इंजिनापुढच्या लोखंडी गार्डवर बसवायचे आणि सरळ रस्ता लागला की त्यांच्यावर पाय लांब करायचे.

लाइलचा डोळा एका बारीक, चकचकीत जोडावर होता. ड्वेनने तो त्याच्या हातून काढूनच घेतला.

"हे शोभेचे. यांनी तळव्याला मुंग्या येतील. रुंद घे, रबराचे, टाचेला अडण असलेले. वाऱ्याने पाय मागे ढकलला जात नाही. आणि दुमडणारे बघ. वळणावर जमिनीला लागले तरी वर उचलले जातात."

मग उंचीचा घोळ सुरू झाला. वर घेतले की गुडघा पुढच्या आवरणाला घासायचा. खाली घेतले की "रस्त्याला घासतील" म्हणून ड्वेन मान हलवायचा. शेवटी जागा सापडली. लाइलने पाय टेकवले, गुडघा किंचित वाकलेला राहिला, आणि मार्चपासून आवळलेला त्याचा जबडा सैल झाला. आर्लिसला ते दारातूनही दिसलं.

"एक लक्षात ठेव," ड्वेन म्हणाला. "पुढे काही नसेल तेव्हाच पाय पुढे. पायाचा ब्रेक मागे राहतो."

"तू जन्मायच्या आधीपासून गाडी चालवतोय मी."

"म्हणूनच सांगतोय."

रविवारी सकाळी दोघं पश्चिमेला निघाली. सूर्यफुलं ऐन बहरात होती. गाव मागे पडल्यावर लाइलने एकेक पाय पुढे टाकला आणि मोठ्याने हसला. आर्लिसने त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या भागात लाइलसारखा चालवणारा नव्हता. गारांच्या पावसातून, आडव्या वाऱ्यातून त्याने तिला आणलं होतं आणि एकदाही तिचा श्वास अडकू दिला नव्हता. तिच्या माहेरी त्याच्याबद्दल बाकी काहीही बोलत, गाडीबद्दल कुणी बोलत नसे.

मग शेतातल्या कच्च्या रस्त्यावरून गवताचे गठ्ठे लादलेला ट्रॅक्टर हायवेवर आला.

लांबूनच आला होता, वेळ भरपूर होता. लाइलचा डावा पाय मागे आला. उजवा आला नाही. इतका वेळ ताणून राहिलेला गुडघा जागीच आखडला होता. आर्लिसने पाहिलं, लाइल मांडीवरची पँट मुठीत धरून पाय ओढत होता. मग त्याने मूठ सोडली, हँडल धरलं आणि नुसता हाताचा ब्रेक दाबला. गाडी पुढे झुकली, मागचं चाक डुललं. ट्रॅक्टरच्या कडेने, खडीवरून ती दोघं पार झाली आणि थांबली. ट्रॅक्टरवाल्याने टोपी उंचावून रामराम केला. त्याला काही कळलंच नव्हतं.

आर्लिस उतरली. आता हा त्या माणसाच्या सात पिढ्या उद्धरणार, याची ती वाट बघत राहिली. पण लाइल दोन्ही हातांनी गुडघा चोळत बसला.

"मी चालवू का घरापर्यंत?" तिने विचारलं. लग्नाआधी ती याच रस्त्यांवर भावाची मोटरसायकल उडवायची. लायसन्स तिने आजवर चालू ठेवलं होतं.

"बस मागे," तो म्हणाला.

परतताना दुखरा पाय दुमडून ब्रेकपाशीच ठेवून त्याने गाडी हळूहळू आणली. ट्रक भोंगे वाजवत पुढे जात होते. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि आर्लिसला शेजारचा ऑरिन आठवत होता. गेल्या वर्षी त्याने गाडी विकली. तेव्हापासून तो खिडकीशी बसून असतो, दिवसभर टीव्ही बघत, बायकोवर खेकसत.

सोमवारी लाइल आपणहून ड्वेनकडे निघाला. आर्लिस न विचारताच सोबत गेली. वर्कशॉपमध्ये आणखी दोन गिऱ्हाइकं बसली होती. लाइलने त्यांच्यादेखतच सांगितलं, आवाज न उतरवता.

"ट्रॅक्टर मला दिसला होता. त्याची चूक नव्हती, तुझीही नाही. माझा पाय आला नाही. आर्लिस मागे होती आणि माझा पाय आला नाही."

हे सांगायला काय लागतं, ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"मग काढून टाकतो," ड्वेन हळूच म्हणाला आणि पाना शोधू लागला.

आर्लिसने मान खाली घातली. ऑगस्टचं जाणं संपलं, तिच्या मनात आलं.

"काढू नको," लाइल म्हणाला. "तिच्या मापाने मागे घे. आर्लिस, ये, बस इथे पुढे." मग त्याने मागच्या सीटवर तळहात दाबून पाहिला. "आणि ड्वेन, मागे बसणाऱ्याचे पाय लांब असले तर त्याच्यासाठी असं काही मिळतं का रे?"