तेव्हाही उशीरच होता

"आता ऑपरेशन केलं, तर तेच जिवावर बेतेल," डॉक्टरबाई म्हणाल्या.

समोर बसलेली बाई चौतीस वर्षांची. ओठ निळसर. डॉक्टरबाईंनी तिला पुन्हा समजावून सांगितलं. फुफ्फुसांतून हृदयाकडे येणाऱ्या चार रक्तवाहिन्यांपैकी दोन जन्मापासूनच भलत्या बाजूला जोडलेल्या. इतकी वर्षं फुफ्फुसांत जास्तीचं रक्त जात राहिलं आणि तिथल्या वाहिन्या जाड, कडक होऊन बसल्या.

"लहानपणी कळलं असतं तर?"

"तर जोडणी बदलता आली असती. आज धडधाकट असता तुम्ही."

तिने दाराकडे पाहिलं. वडील खाली एक्स-रे आणायला गेले होते. तिच्याच शाळेत ते खेळाचे शिक्षक होते. ती पळताना मागे पडली की सगळ्यांदेखत तिला 'गोगलगाय' म्हणायचे आणि मैदानाला दोन फेऱ्या जास्तीच्या मारायला लावायचे.

"बाबा हेच विचारतील," ती म्हणाली. "त्यांना सांगा, तेव्हाही काही करता आलं नसतं."

"खोटं सांगू?"

"माझं काय ते ठरलंय. त्यांना मागे राहायचंय."

वडील आले. पाकीट टेबलावर ठेवून उभ्या उभ्याच त्यांनी विचारलं, "हे आधी कळलं असतं तर?"

डॉक्टरबाईंनी पेनाला टोपण लावलं. "नाही. तेव्हाही उपयोग नव्हता."

ते मटकन खुर्चीत बसले आणि हमसून हमसून रडू लागले. आई गेली तेव्हाही तिने त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

"ही सातवीत होती," ते म्हणाले. "शाळेत तपासणी झाली. हिच्या छातीत वेगळा आवाज येतोय, मोठ्या दवाखान्यात दाखवा, अशी चिठ्ठी दिली होती डॉक्टरांनी. मला वाटलं, पळायचा कंटाळा, म्हणून हिनेच काहीबाही सांगितलं असेल. फाडून टाकली मी ती. हिच्या आईलासुद्धा बोललो नाही. पुढे हिला धाप लागली, की मला ती चिठ्ठी आठवायची."



वडिलांनी लेकीचा हात धरला. "म्हणजे दाखवलं असतं तरी फरक पडला नसता. हो ना गं?"

तिने मोकळ्या हाताने त्यांचे गाल पुसले.

"नसता..." ती थांबली. श्वास घेतला. "नसता पडला, बाबा."