येते म्हणजे जाते

लहानपणी मावशी "येते हं" म्हणून गेली आणि अंधार पडेपर्यंत तो उंबऱ्यावर तिची वाट बघत बसला. शेवटी आईने स्वमग्न लेकाच्या वहीत नियम लिहून दिला: येते म्हणजे जाते.

आता तो घड्याळं दुरुस्त करतो. शिवणकाम करणारी शेजारीण घड्याळ न्यायला आली, तेव्हा आठवडाभर घोकलेलं वाक्य त्याने एका दमात म्हणून टाकलं, "रविवारी चार वाजता माझ्याकडे चहाला याल?"

"येते हं," ती हसून म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

म्हणजे जाते. या वेळी त्याला बरोबर कळलं होतं.

रविवारी चारला तो एकटाच फिरायला गेला. परतला तर दाराच्या कडीत चिठ्ठी: 'येऊन गेले.'

वहीत असला नियम नव्हता, आणि विचारायला आई नव्हती.