शंभरातली पंधरा

धुळाप्पांच्या रिपोर्टात विषाणू जसाच्या तसा होता. डॉक्टर मंजुषा यांनी कागद दोनदा वाचला. सहा महिने रोज एक गोळी, वर तीन महिने वाट बघणं, आणि फळ काय, तर पोटात पाणी.

"औषध लागू पडलं नाही," त्या म्हणाल्या. त्यांना वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोला, आपण हे आधीच सांगून ठेवलं होतं, हेही मनात येऊन गेलंच.

बाप-लेक दोघांना एकदमच कावीळ सी निघाली होती. अणदूरच्या बाजूला पूर्वी एकच सुई सगळ्या वस्तीला टोचणारा कुणी फिरायचा, त्याची ही कृपा. लेक कुमार तरणा, लिव्हर शाबूत. त्याला बाईंनी सांगितलं, शंभरातले अठ्ठ्याण्णव बरे होतात. धुळाप्पांचं लिव्हर आधीच आवळलेलं. त्यांना म्हणाल्या, "तुमच्यासारख्या शंभरात पंच्याऐंशी बरे होतात. पंधरांना गुण येत नाही." रोग्यापासून काही लपवायचं नाही, हा बाईंचा बाणा. धुळाप्पांनी मान डोलावली होती. शंभर म्हणजे किती, हे त्यांना शिकवायला नको होतं; उभा जन्म मेंढरं मोजण्यात गेला होता.

कुमार तीन महिन्यांत खडखडीत बरा झाला. बापाच्या गोळ्यांच्या बाटल्याही तोच दर महिन्याला धाराशिवहून एसटीनं घेऊन जायचा. आज तो दाराशी उभा होता आणि आई शांताक्का बाकावर बसली होती.

धुळाप्पांनी घोंगडीची घडी उलगडली. टेबलावर एकेक करून सहा बाटल्या मांडल्या. एकीचंही सील तुटलेलं नव्हतं.

"मला म्हणायचे, गोळी मेंढरामागं खातो," शांताक्का कशीबशी बोलली.

बाईंनी एक बाटली उचलून सील पाहिलं. आता गोळ्या सुरू केल्या तरी लिव्हर मागं फिरणार नव्हतं. नऊ महिन्यांपूर्वी फिरलं असतं.

"धुळाप्पा, का घेतल्या नाहीत तुम्ही?"

"तुमीच म्हणलाव की, शंभरात पंधरांना गुण येत न्हाय." धुळाप्पा शांतपणे बोलत होते. "पंधरा कंची, ते धनगराला सांगावं लागत न्हाय, बाई. म्हातारं, लंगडं, चालताना मागं पडतंय ते. कळपात रोग शिरला की औषध आधी धडक्या जनावराला पाजायचं. बाटली एकच असती." त्यांना धाप लागली. थांबून त्यांनी बाटल्या बाईंकडं सरकवल्या. "ह्या कुणा तरण्याला द्या. मुदत हाय अजून."

कुमार तोंड फिरवून रडायला लागला.

मंजुषाबाई उठल्या. बाटल्या ठेवायला त्यांनी मागचं लोखंडी कपाट उघडलं आणि हात तसाच थांबला. वरच्या फळीपासून खालपर्यंत त्याच गोळ्या भरलेल्या होत्या. सरकारी, फुकट, न्यायला माणूस नाही म्हणून पडून राहिलेल्या. आकडे त्यांनी प्रत्येकाला न चुकता सांगितले होते. औषध सगळ्यांना पुरेल एवढं आहे, हे मात्र सांगायचं राहून गेलं होतं.