कार्टूनपुरता ताप

आमच्या घरी कार्टून बघायची परवानगी फक्त ताप आलेल्या माणसाला. नियम अर्थातच ह्यांचा. त्यामुळे आमची शर्वरी लहानपणी दर रविवारी सकाळी कण्हत उठायची. हे थर्मामीटर झटकायचे, तिच्या काखेत न लावताच कपाळावर हात ठेवायचे आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "ताप नाहीये, पण चढेलसा वाटतोय." मग बापलेक एका पांघरुणात बसून 'हवालदार बेडूक' बघायचे. खिदळायचे मात्र हेच जास्त. चहा अर्थातच मी करायचा.

यंदा शर्वरीची दहावी झाली. गेल्या रविवारी हे टीव्हीपाशी घुटमळत म्हणाले, "काय गं, आज कणकण नाही वाटत?"

मोबाइलमधून मान वर न करता ती म्हणाली, "बाबा, ते कार्टून बाळांचं आहे. तू बातम्या लाव ना."

ह्यांनी बातम्या लावल्या. टीव्हीवर चार माणसं एकमेकांच्या अंगावर ओरडत होती. हे थोडा वेळ पडेल चेहऱ्याने बसले. मग उठले, कपाटातलं पांघरूण काढून सोफ्यावर आडवे झाले आणि भर मे महिन्यात कण्हायला लागले.

"अहो, इथे उकडून जीव चाललाय!" मी म्हटलं. उत्तरादाखल कण्हणं वाढलं.

शर्वरीने मोबाइल ठेवला. थर्मामीटर आणला, झटकला आणि बाजूला ठेवून बाबाच्या कपाळावर हात टेकवला.

"ताप नाहीये," ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "पण चढेलसा वाटतोय. सरक जरा. मलाही कणकण वाटतेय."