ब्लाइंड

शनिवारी दुपारी, चिंचोक्यांवरच्या तीन पत्तीत, खानविलकरांनी पुन्हा पत्ते पाहिले, पुन्हा पॅक करून डाव सोडला आणि शेवडे वैतागले.

"दिगंबर, अकरा शनिवार झाले, तू एकदाही चुकला नाहीस. तू खेळत नाहीस रे, तुझी चिप खेळते. पुढच्या खेपेला तिलाच एकटीला पाठव, चहा तरी वाचेल."

खोटं नव्हतं. मेंदूच्या झटक्यानंतर खानविलकरांना एवढंसंही ठरवणं जमेना, म्हणून डॉक्टरांनी कानामागे चिप बसवली. ती त्यांच्याच डोळ्यांनी पाहायची आणि सांगायची: निळा शर्ट घाला, डावीकडे वळा, पॅक करा. दोन वर्षं घरात त्यांची कुरकुर नव्हती, मतही नव्हतं. आपल्यात आपण किती उरलोय, ही धास्ती त्यांनी फक्त शेवड्यांच्या बायकोला, कुमुदवहिनींना, सांगितली होती.

वहिनींनी नवा डाव वाटला आणि खानविलकरांच्या पानांवर तळहात ठेवला. "भावजी, उचलू नका. ब्लाइंड खेळा. तिला दिसणारच नाही, मग बोलेल काय?"

कानात आवाज आला, "माहिती अपुरी. निर्णय तुमचा."

खानविलकरांना घाम फुटला. त्यांनी चिंचोके मोजले, पुन्हा मोजले. शेवड्यांनी पॅक केलं. शेवटी दोन चिंचोके पुढे सरकले, मग चार, मग सगळेच.

शो झाला. वहिनींकडे राजाची जोडी. खानविलकरांकडे दुर्री, पंजी, नव्वी.

"वहिनी, तुमचे उपकार कसे फेडू?" डोळे पुसत खानविलकर म्हणाले.

"अरे, तू हरलास!" शेवडे ओरडले.

"हो ना," ते म्हणाले. "मी हरलो."