कच्ची भिंत

तलावात बुडालेल्या गावाच्या भिंतींवर होड्या आदळू नयेत म्हणून पाण्यात तांबडी पिंपं बांधलेली असत. थंडीत सोलापूरचे गोरे साहेब बदकं मारायला येत. पिंपांना पाखरं बुजतात म्हणून तलावाचा राखणदार सिद्धाप्पा ती सोडवून कोठीत रचायचा. पाण्याच्या जेमतेम खाली असलेल्या एका भिंतीवरचं पिंप तेवढं ठेवायचा.

यंदा ते तलावावरच्या सरकारी ओव्हरसियरच्या डोळ्यांत खुपलं. "तेही काढ!" तो खेकसला.

"रावसाहेब, त्येच्याखाली आमच्या घराची भिंत हाय. होडी फुटंल."

"मला शिकवतोस? गाव बुडालं तेव्हा तुझ्या भरपाईच्या कागदात मीच लिहिलंय, भिंत कच्ची, मातीची. कधीच विरघळली असेल."

सिद्धाप्पानं दातओठ खात पिंप काढलं.

दुसऱ्या दिवशी साहेबाची नवी होडी ओव्हरसियर स्वतःच वल्हवून बघायला निघाला आणि भर तलावात काडकन आवाज झाला. सिद्धाप्पानं गूळ शिजवायची काहील पाण्यात लोटली आणि सावकाश वल्हवत तो तिथं पोचला. होडी तळाला गेली होती. ओव्हरसियर त्याच भिंतीवर घोटाभर पाण्यात तोल सावरत उभा होता.

"अरे बघतोस काय? हात दे!"

 

"देतो की, रावसाहेब. आदी सांगा, भिंत कच्ची हाय का पक्की?"