मास्तरांचा बोल्ट

"काका, यंदा तरी पळेल का हे गाढव?"

धाकट्यानं गाडी गॅरेजच्या दारात उभी केली आणि खाली उतरायच्या आधीच विचारलं. मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले. हात आधीच कोरडे होते.

शेजारच्या सीटवर धाकट्याचे वडील बसले होते. शाळा सोडून वीस वर्षं झाली, तरी सगळे त्यांना मास्तरच म्हणत. गाडी गॅरेजकडे निघाली की तेही न चुकता सोबत येत. त्यांची आणि मिस्त्रींची नजरानजर झाली. दोघांनीही ती लगेच वळवली.

"तुम्हीच सांगा," धाकटा म्हणाला. "रोज जाऊन-येऊन साठ किलोमीटर. स्कूटरवाले मागे टाकून जातात. ऑफिसात हिला बैलगाडी म्हणतात आणि मला गाडीवान. आमच्यातला एक जण बदली होऊन चाललाय, त्याची गाडी विकतोय. नुसता पाय ठेवला की उडते. संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांगायचंय. हिचं काही होतंय का बघा. सायलेन्सर बदला, इंजिन खोला, काय वाटेल ते करा. नाहीतर मी ती घेतो."

मास्तरांनी मांडीवरची काठी घट्ट धरली. "जरा तोंड धुऊन येतो," म्हणाले आणि गॅरेजच्या मागच्या नळाकडे सावकाश गेले.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. आत बघण्यासारखं काही नव्हतं. इंजिन ठणठणीत होतं. नऊ वर्षं ते ठणठणीतच होतं.

नऊ वर्षांपूर्वी मास्तर ही गाडी घेऊन एकटेच आले होते. थोरला मुलगा जाऊन तेव्हा तीनच महिने झाले होते. मित्राची वेगवान गाडी, मोकळा रस्ता, दिवसाउजेडी. मास्तर म्हणाले होते, "धाकट्याला नोकरी लांब मिळालीय. गाडी दिल्यावाचून गत्यंतर नाही. पण याचा पायही थोरल्यासारखाच जड आहे, मिस्त्री. काहीतरी करा. आणि त्याला कळू देऊ नका." मिस्त्रींनी ॲक्सिलरेटरच्या पेडलखाली एक बोल्ट बसवला. पेडल अर्ध्यावर जाऊन टेकायचं. मग कितीही दाबा.

तेव्हापासून मिस्त्री दरवर्षी खोटं बोलत आले. एकदा प्लग म्हणाले, एकदा फिल्टर, एकदा पेट्रोलमधली भेसळ. एका वर्षी काहीच सुचेना, तेव्हा हवेवर ढकललं. तेही खपलं. पण गेल्या खेपेला धाकट्यानं मास्तरांच्या देखत विचारलं होतं, "काका, खरं सांगा. खोट गाडीत आहे की मला चालवताच येत नाही?" मिस्त्री बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाले, "गाडी जुनी झाली रे."

आता गप्प राहिलं तर पोरगा ती उडणारी गाडी घेणार. बोललं तर मास्तरांना दिलेला शब्द मोडणार. मागे नळाचं पाणी वाजत होतं. मिस्त्रींनी बॉनेट खाली टाकलं.

"इकडे ये," ते म्हणाले. "ती गाडी घेऊ नकोस. हिच्यात काही खोट नाही. तुझ्यातही नाही. पेडलखाली बोल्ट आहे. मास्तरांनी सांगितलं, पण हात माझे होते. नऊ वर्षं तुला तोंडावर फसवलं मी. काय शिव्या घालायच्या त्या मला घाल, त्यांना एक शब्द बोलू नकोस. आत्ता काढतो."

मिस्त्री पाना घेऊन गाडीच्या दाराशी गुडघ्यांवर बसले. पायाखालची रबरी चटई उचलली. बॅटरीचा उजेड आत टाकला आणि तसेच थांबले.

स्वतः बसवलेला बोल्ट त्यांनी डोळे मिटूनही ओळखला असता. भंगारातून उचललेला, गंजका, डोकं एका बाजूनं घासलेलं. इथला बोल्ट चकचकीत होता. खाली नवा वॉशर. वर रबराची टोपी, पेडल टेकताना आवाज होऊ नये म्हणून.

"हा माझा नाही," मिस्त्री म्हणाले.

"तुमचा सुटून पडला, काका." धाकटा शेजारी वाकला होता. त्याचा आवाज एकदम खाली आला होता. "दोन वर्षं झाली. हा मी लावला."

"म्हणजे तुला माहीत होतं? कधीपासून?"

"पहिल्याच आठवड्यात. चटई झटकताना दिसला."

"आणि ती उडणारी गाडी?"

"त्याला सकाळीच नाही म्हणून सांगून टाकलंय. पण काल त्यानं घरी येऊन बाबांसमोरच विषय काढला. तेव्हापासून ते धड जेवलेले नाहीत. तुम्ही त्यांच्यादेखत मला दोन शब्द सुनवा, ती घेऊ नको म्हणा. मी तुमचं ऐकतो."

मिस्त्रींच्या हातातला पाना तसाच राहिला. "अरे, मग दरवर्षी येऊन माझा जीव का खात होतास?"

मागचा नळ बंद झाला. काठीची टकटक जवळ येऊ लागली. धाकट्यानं झटकन चटई पसरली, कडा बोटांनी दाबून सारख्या केल्या आणि उठून उभा राहिला. मग मास्तरांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात तो ओरडला,

"ते मला काही सांगू नका, काका! यंदा हे गाढव पळालंच पाहिजे!"